नवव्या पायरीवरच्या दोन फायली

हिलालभाऊ नांद्रे यांनी टाइप केलेला कागद हातात घेतला, की नव्या माणसाला तो छापखान्यातून आल्यासारखा वाटायचा. समास मोजून सोडलेला, ओळी एका पट्टीत, खाडाखोड औषधालाही नाही. धुळ्याला देवपुरात ज्या शिक्षण संस्थेच्या कार्यालयात ते लेखनिक होते, तिच्या अकरा शाळा धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत विखुरलेल्या होत्या, आणि या अकराही शाळांतले मुख्याध्यापक संस्थेच्या पत्राला जेवढे घाबरत, त्याहून जास्त हिलालभाऊंच्या टायपिंगला घाबरत. इतक्या नीटनेटक्या कागदाला उलट उत्तर कसं द्यायचं, हा त्यांना प्रश्न पडे.

साक्रीच्या अलीकडे, पांझरेच्या काठी त्यांचं गाव. वडील छगन आबा गावच्या बंधाऱ्याचे पाटकरी, म्हणजे बंधाऱ्यातून निघणाऱ्या पाटाचं पाणी पाळीपाळीनं प्रत्येकाच्या शेतात पोचवणारा माणूस. शेत थोडं आणि भाऊ तिघे, म्हणून धाकटे हिलालभाऊ मॅट्रिक होऊन धुळ्याला आले, पाचव्या गल्लीतल्या टायपिंगच्या क्लासात बोटं झिजवली आणि अडुसष्ट साली संस्थेत चिकटले. तेव्हापासून पंचवीस वर्षं त्यांनी एकही दिवस खोटी रजा घेतली नाही. माणूस सज्जन, व्यसन फक्त सुपारीचं. खोड म्हणाल तर एकच. कागदावर उतरलं म्हणजे समोरच्याला समजलंच, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. कुणी फोन करून शंका विचारली, तर ते शांतपणे म्हणायचे, 'कागद पुन्हा वाचा,' आणि फोन ठेवायचे.

ब्याण्णव साली संस्थेनं बारा कॉम्प्युटर घेतले. कार्यालयाला एक आणि शाळांना एकेक. मुलांचं जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले, दहावीच्या फॉर्मांची यादी, सगळं मराठीत छापून निघणार होतं. पुण्याच्या कंपनीचा एक माणूस आला, त्यानं बाराही मशीनं बसवली, त्यांत मराठी अक्षरांचं कार्ड घातलं, चहा पिता पिता काय काय टाइप केलं आणि गेला. जाताना इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक देऊन गेला. संस्थेचे सचिव रुपचंद अण्णा मोठे व्यवहारी. त्यांनी पुस्तकाचं वजन हातानं जोखलं आणि ते हिलालभाऊंच्या टेबलावर ठेवलं. मशीन कधी बंद पडून पहिल्यापासून मांडायची वेळ आली, तर शाळेतल्या लेखनिकाला आपलं आपण करता यावं, असा एक मराठी कागद त्यांना हवा होता.

हिलालभाऊंनी त्यासाठी तीन आठवडे खर्च केले. शब्दकोश घेऊन बसले. रोज संध्याकाळी घरी जाताना पुस्तक पिशवीत घालून न्यायचे, तेव्हा बायको विचारायची की पोथी कुठवर आली. शेवटी चौदा पायऱ्यांचं एक पत्रक तयार झालं. 'संगणक पूर्ववत करण्याबाबत सूचना.' पहिली फ्लॉपी घालावी, मशीन चालू करावे, डिस्क साफ करून घ्यावी, डॉस ही मूळ प्रणाली उतरवावी, मग मराठीची फ्लॉपी, मग रजिस्टरची. आणि या सगळ्यांच्या मध्ये पायरी नऊ: 'आवश्यक त्या फायली कॉपी कराव्यात.'

ही ओळ त्यांना फार आवडली होती. सरकारी पत्रव्यवहारात पंचवीस वर्षं मुरलेल्या माणसाला ती आवडणारच. 'आवश्यक ती कार्यवाही करावी' असं लिहिलं, की लिहिणारा मोकळा होतो आणि वाचणारा अडकतो. अख्ख्या महाराष्ट्राचा कारभार या एका वाक्यावर चालतो, मग एक मशीन का चालणार नाही? पुस्तकातही त्या जागी असंच काहीतरी गोलमाल लिहिलेलं होतं. हिलालभाऊंनी स्वतःच्या मशीनवर सगळ्या पायऱ्या करून पाहिल्या, फक्त डिस्क साफ करायची पायरी भीतीनं सोडून दिली. मशीन व्यवस्थित चाललं. पत्रकाच्या अकरा प्रती शाळांना गेल्या, खाली सही, सहीखाली कंसात नाव.

वर्षभर त्या प्रती शाळांच्या कपाटांत पडून राहिल्या, कारण कुठलंच मशीन बंद पडलं नाही. त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात साक्रीच्या शाळेतलं पडलं.

तिथं लताबाई बेडसे लेखनिक होत्या. नवरा त्याच शाळेत मराठी शिकवायचा. काविळीत गेला, आणि त्याच्या जागी अनुकंपेवर बाईंना कारकुनी मिळाली. दोन वर्षं परीक्षेची, ती डिसेंबरात संपणार होती. त्यानंतर कायम करायचं की नाही, हे संस्था ठरवणार. घरी सासू, दीर-जाऊ आणि नवव्या वर्षातली मुलगी. जवळच्या खेड्यातून रोज एसटीनं यायच्या, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्या महिन्यात साक्रीला विजेनं ताळ सोडला होता. एका दुपारी दिवे एकदम पिवळे झाले, मग डोळे दिपतील इतके पांढरे झाले, आणि मशीनची डिस्क गेली. नाशिकहून कंपनीचा मेकॅनिक आला, त्यानं नवी कोरी डिस्क बसवली आणि चारची गाडी धरून निघून गेला. बाकीचं पत्रकात आहेच, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

लताबाईंनी पत्रक काढलं आणि चौदाच्या चौदा पायऱ्या केल्या. मशीन चालू झालं, पण चालू होताच ते तारीख विचारू लागलं. पूर्वी कधी विचारत नसे. तारीख दिली, तर वेळ विचारली. तीही दिली. मग रजिस्टर उघडलं, तर मुलांच्या नावांच्या जागी डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं आणि तुटक्या चौकटी. दुसऱ्या पानावर जायला गेलं, की फार फायली उघडल्या आहेत असं इंग्रजीत सांगून ते थांबायचं. दहावीचे फॉर्म भरायला आठवडा उरला होता. शेवटी सगळ्या शिक्षकांनी मिळून चार दिवस हातानं याद्या लिहिल्या, बोटांना घट्टे पाडून घेतले आणि फॉर्म वेळेत धाडले. फॉर्म गेले, पण राग कुणावर तरी निघायला हवा होता. मुख्याध्यापकांनी संस्थेला अहवाल लिहिला, की सदर कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे संगणक निकामी झाला आहे, तरी त्यांना कायम करताना याचा विचार व्हावा.

अहवाल देवपूरला आला, तो आधी हिलालभाऊंकडेच. अण्णांनी त्यावर त्यांचा शेरा मागितला. हिलालभाऊंनी चष्मा पुसला आणि लिहिलं: 'पत्रकातील सूचना स्पष्ट आहेत. त्यांचे पालन झालेले दिसत नाही.' खाली सही केली. लिहिताना त्यांना काही वाटलं नाही. लताबाईंना त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल.

पंधरा दिवसांनी अण्णांनी त्यांना साक्रीला पाठवलं, मशीन सुरू करून या म्हणून. जाताना हिलालभाऊ गाडीत खिडकीशी बसले होते आणि मनातल्या मनात त्या बाईंना समजुतीच्या चार गोष्टी सांगत होते. शाळेत पोचल्यावर चहा झाला. मग लताबाईंनी कपाटातून पत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि बाजूला उभ्या राहिल्या.

पत्रकावर प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीची एक बारीक खूण होती. खुणेपुढे वेळ. पायरी एक, अकरा वाजून दहा. पायरी दोन, अकरा सतरा. हिलालभाऊंना असा कागद पाहून बरं वाटलं, आपल्याच जातीचा वाटला तो. पायरी नऊपुढे मात्र खूण नव्हती. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'कोणत्या? भाऊसाहेबांना देवपूरला फोन केला. ज्या लागतील त्या, असे म्हणाले.'

हिलालभाऊंनी ते दोनदा वाचलं. फोन आठवेना. मग आठवला. जेवणाची सुट्टी होत आली होती, डबा उघडलेला होता, आणि कुणीतरी बाई अडखळत काही विचारत होत्या. ज्या लागतील त्या, असं ते म्हणाले होते खरे. वर, कागद पुन्हा वाचा, असंही म्हणाले असणार. ते बाईंनी लिहिलं नव्हतं.

त्यांना मान वर करवेना. समजुतीच्या चार गोष्टी तशाच राहिल्या. बरं, आता मशीन सुरू करून द्यावं, तर कोणत्या फायली लागतात हे त्यांना स्वतःलाच कुठं माहीत होतं? अर्धा तास त्यांनी उगीच बटणं दाबली. मग खरं ते सांगितलं, की मला बघून यावं लागेल, आणि सोमवारी परत येतो. लताबाई फक्त बरं म्हणाल्या. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला असता, तर हिलालभाऊंना परतीचा प्रवास सोपा गेला असता.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच ते आपल्या मशीनपुढे बसले. पुण्याच्या माणसानं चहा पिता पिता जे टाइप केलं होतं, ते शोधायचं होतं. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. सापडल्या त्या दोन फायली. एकीचं नाव कॉन्फिग डॉट सिस, दुसरीचं ऑटोएक्झेक डॉट बॅट. दोन्ही मिळून अकरा ओळी. मशीन जागं झालं, की बाकी कशाला हात लावायच्या आधी या दोन फायली वाचतं. आपल्याजवळ कोणकोणती सामग्री आहे, एका वेळी किती फायली उघडायच्या, हे पहिली सांगते. उठल्याबरोबर कोणती कामं कोणत्या क्रमानं करायची, हे दुसरी. मराठी अक्षरांचं कार्ड मशीनमध्ये असून उपयोग नाही. ते आहे, असं पहिल्या फायलीतली एक ओळ सांगते, तेव्हाच मशीनला ते दिसतं.

खात्री करायची म्हणून त्यांनी जीव मुठीत धरून त्या दोन फायलींची नावं बदलली आणि मशीन बंद करून चालू केलं. मशीननं तारीख विचारली. मग वेळ विचारली. रजिस्टर उघडलं, तर तीच डोक्यावर टिंबं असलेली अक्षरं. आता हिलालभाऊंना उलगडा झाला. त्यांच्या मशीनवर या फायली आधीपासून बसलेल्या होत्या, डिस्क त्यांनी साफ केली नव्हती, म्हणून त्यांचं सगळं सुरळीत झालं. कोऱ्या डिस्कवर पत्रकाबरहुकूम काम करणारा कुणीही नेमका लताबाईंच्याच जागी जाऊन पोचला असता. बाईंची हयगय कसली? पत्रक पाळणारं माणूस अकरा शाळांत एकच निघालं होतं, आणि त्यांनी तिच्याविरुद्ध सही केली होती.

शनिवारपर्यंत नवं पत्रक तयार झालं. या खेपेला सतरा पायऱ्या. दोन्ही फायलींची नावं, त्यांतली ओळ न् ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे ती कशासाठी, हे साध्या शब्दांत. लिहून झालं, तरी जीव थाऱ्यावर येईना. मागचा कागदही त्यांना असाच चोख वाटला होता.

रविवारी ते गावी गेले. छगन आबा घरी नव्हते. सत्त्याहत्तर वर्षांचे आबा त्या वर्षी पाटकरीपण सोडणार होते, आणि त्यांच्या जागी भाऊबंदांतल्या अभिमनला ठरवलं होतं. गव्हाचं पहिलं पाणी सुरू होतं. हिलालभाऊ पाटाच्या कडेनं चालत गेले, तर पुढे अभिमन फावडं घेऊन पाण्याचं बारं वळवत होता आणि वीस पावलं मागे आबा, दोन्ही हात पाठीशी, तोंड घट्ट मिटलेलं. एका ठिकाणी अभिमननं बांध फोडायला उशीर केला, पाणी भलत्याच्या शेतात शिरलं. आबा बघत राहिले. अभिमनचं त्याच्याच लक्षात आलं, धावत जाऊन त्यानं मातीचे गोळे टाकले. हिलालभाऊंना राहवेना. त्यांनी विचारलं, आधीच सांगितलं असतं तर?

"मी रोज थोडाच ऱ्हासू त्याना मांगे?" आबा म्हणाले. "पानीन्या तीन पाया मी पुढे चालनू, आते तो चाली ऱ्हायना. मी बोलनू का मन्हं शिकाडनं कच्चं."

मग झाडाखाली बसून हिलालभाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. मशीन म्हणजे काय हे आबांना कळलं नाही, पण एका बाईच्या पोटावर पाय आलाय आणि तो आपल्या पोराचा आहे, हे बरोबर कळलं. नवा कागद त्यांनी हातात घेतला, उलटा धरला, परत दिला.

"बठ्ठं लिखं का?"

सगळं लिहिलंय, असं हिलालभाऊ म्हणाले.

"ते तुले वाटस. त्या बाईले करू दे. तू मांगे बस आन् बोलू नको. तुले जठे बोलनं पडी, तठे तुन्हा कागद कच्चा शे."

सोमवारी साक्रीला हिलालभाऊंनी लताबाईंना मशीनपुढे बसवलं, नवं पत्रक दिलं आणि स्वतः मागे स्टुलावर बसले. डिस्क पुन्हा पहिल्यापासून साफ करून सुरुवात करायला सांगितलं. मी काही बोलणार नाही, असंही सांगून टाकलं. बाईंना वाटलं, भाऊसाहेब परीक्षा घ्यायला आलेत. त्यांच्या मानेवर घाम दिसत होता. परीक्षा कुणाची आहे, हे त्या वेळी एकट्या हिलालभाऊंना ठाऊक होतं.

पाचव्या पायरीला बाईंनी फ्लॉपी काढली, पण फ्लॉपीच्या खणाचा लाल दिवा अजून जळत होता. हिलालभाऊंनी दातांखाली जीभ धरली आणि हातातल्या प्रतीवर लिहिलं, 'दिवा विझेपर्यंत थांबावे.' बाईंना ती पायरी पुन्हा करावी लागली. दहाव्या पायरीला पहिल्या फायलीतल्या ओळी टाइप करताना त्यांनी शून्याच्या जागी इंग्रजी ओ मारला, कारण पत्रकावर दोन्ही सारखेच गोल दिसत होते. हिलालभाऊंनी शून्याच्या पोटात तिरपी रेघ मारायचं ठरवलं. मग बाईंनी फाईल जपून ठेवली, पण डॉसच्या कप्प्यात. ती सगळ्या कप्प्यांच्या बाहेर, डिस्कच्या दारातच ठेवायची असते. आत ठेवली तर मशीनला ती सापडतच नाही. ही गोष्ट सतरा पायऱ्यांत कुठंही नव्हती. मशीन चालू झालं आणि परदेशी अक्षरं पुन्हा आली.

लताबाईंनी हात मांडीवर ठेवले. मागे वळून म्हणाल्या, "माझं चुकलं का कुठं?"

"तुमचं नाही," हिलालभाऊ म्हणाले, आणि एवढंही आपण बोलायचं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. "जरा थांबा. कागदात राहिलंय."

त्यांनी तिथंच बसून तीन ओळी हातानं वाढवल्या आणि कागद परत दिला. बाईंनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली, प्रत्येकीपुढे पेन्सिलीची खूण करत. हिलालभाऊ सुपारीसुद्धा न कातरता बसून राहिले. दुपारी दोनच्या सुमाराला मशीन चालू झालं, त्यानं तारीख विचारली नाही की वेळ. रजिस्टर उघडलं. पडद्यावर पहिलं नाव आलं, अहिरे सुकदेव पुना, स्वच्छ मराठीत, काना-मात्रेसकट. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. मुख्याध्यापक दारातून डोकावून, झालं वाटतं, एवढंच म्हणून गेले.

आता खरं अवघड काम उरलं होतं. देवपूरला परतल्यावर हिलालभाऊंनी नवं पत्रक टाइप केलं आणि त्याला सचिवांच्या नावानं एक पत्र जोडलं. पत्र चार ओळींचं होतं. जुन्या पत्रकातील पायरी नऊ अपुरी होती. श्रीमती लताबाई बेडसे यांनी पत्रकाबरहुकूम काम केले व शंका आली तेव्हा विचारणाही केली. त्यांना योग्य उत्तर मिळाले नाही. चूक माझी आहे, सबब माझा मागील शेरा मी मागे घेत आहे.

रुपचंद अण्णांनी ते वाचलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. अण्णा काही वाईट माणूस नव्हते. संस्थेत नवा संगणक विभाग निघणार होता, त्याचं प्रमुखपद हिलालभाऊंना द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि कार्यकारिणीपुढे नाव ठेवायचंही ठरलं होतं. त्यांनी समजावून सांगितलं, की बाईंचं आपण बघून घेऊ, वर्षभर मुदत वाढवू, मग करू कायम. गवगवा कशाला? तीन आठवड्यांपूर्वी सूचना स्पष्ट आहेत म्हणून सही करणारा माणूस आज उलटं लिहितो, हे कार्यकारिणीला कसं दिसेल?

"कागदात त्रुटी होती एवढंच ठेवा," अण्णा म्हणाले. "चूक माझी, हे तेवढं काढा. कागदाला काही बढती मिळायची नसते."

बढती हिलालभाऊंना हवी होती. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बढत्यांची पत्रं टाइप केलेल्या माणसाला ती नको असेल, असं कुणी म्हणू नये. घरी बायकोला त्यांनी अर्धवट सांगूनही ठेवलं होतं.

"अण्णा, कागद आपोआप नाही लिहिला गेला," ते म्हणाले. "बाईंच्या नावावर चूक लिहिताना आपण त्यांचं नाव घातलं होतं. ती काढताना माझं घालावं लागेल."

पत्र तसंच कार्यकारिणीपुढे गेलं. लताबाई कायम झाल्या, सभेत त्यांच्यावर दोन मिनिटंही गेली नाहीत. संगणक विभागाचा प्रमुख म्हणून जळगावहून डिप्लोमा करून आलेला एक तरुण नेमला गेला. त्याला हिलालभाऊंनी पहिल्या दिवशी चहा पाजला, खुर्ची दाखवली, आणि घरी जाऊन कुणाशी न बोलता जेवले. दुःख झालं होतं, आणि ते महिना-दोन महिने पुरलं. चूक कबूल केल्यानं मन हलकं होतं म्हणतात. होत असेल कुणाचं. हिलालभाऊंचं जडच होतं.

नव्या पत्रकाच्या प्रती अकराही शाळांना गेल्या. जानेवारीत जळगावच्या मेहरूण भागातल्या शाळेतली डिस्क बदलावी लागली. हिलालभाऊ दोन दिवस फोनची वाट बघत बसले, फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच केला. तिथला लेखनिक म्हणाला, झालं की कालच, का हो? त्या दिवशी मात्र हिलालभाऊंनी बरोबरच्यांसाठी भजी मागवली, आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी लताबाई कायमपणाचा आदेश घ्यायला देवपूरला आल्या. सोबत मुलगी होती. हिलालभाऊंनी आदेश काढून दिला, पोच म्हणून वहीत सही घेतली. सही करून बाई निघाल्या नाहीत. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. काही राहिलं का, असं हिलालभाऊंनी विचारलं.

"तुम्ही अण्णासाहेबांना एक पत्र दिलं होतं म्हणतात," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे, असं लिहिलेलं. त्याची एक प्रत मिळेल का?"

आदेश हातात असताना त्या पत्राचा काय उपयोग, हे हिलालभाऊंना कळेना. नोकरीच्या कामाला ते कुठंच लागणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

"नोकरीला नको. घरी ठेवायचं आहे." बाईंनी आदेशाची घडी घातली. "मालक गेले तेव्हा घरचे म्हणाले, माझ्या पायगुणानं गेले. म्हैस आटली, ती माझ्यामुळे. मशीन बंद पडलं, तर घरीही सगळे म्हणाले, हिनंच हात लावला असणार. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, भाऊसाहेब. काही बिघडलं आणि दुसऱ्यानं ते आपल्या नावावर घेतलं, असं मी अजून पाहिलं नव्हतं. हिला मोठी झाल्यावर दाखवीन."

पत्राची कार्बन प्रत दप्तरात लागली होती, ती देता येत नव्हती. हिलालभाऊंनी मशीन चालू केलं नाही, टाइपरायटरवरचं आवरणही काढलं नाही. एक कोरा कागद घेतला, आणि पंचवीस वर्षांत ज्यांनी सहीपलीकडे क्वचितच हातानं काही लिहिलं होतं, त्यांनी ती चार ओळींची नक्कल शाईनं, सावकाश लिहून काढली. 'चूक माझी आहे' या ओळीशी आल्यावर त्यांनी मुलीकडे पाहिलं, आणि तिला वाचता यावं म्हणून ते तीन शब्द जरा मोठे काढले.